हे मी नाही, कुंदा सांगतेय

कुंदे, तुझ्या शोकसभेला हॉल अपुरा पडला. हे मीच तुला सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तू मान खाली घालून "अहो, कशाला उगाच" म्हणाली असतीस, आणि तुझा तो विनय मला तू असतानाही सोसवला नाही. सोसायटीचा हॉल भरला, जिना भरला, पार्किंगमध्ये माणसं उभी राहिली. वॉचमनने गेट लावलं तर लोक गेटावर चढून बसले. शेजारच्या गच्चीवर कोणी दुर्बीण लावली होती. बरं, गेटावर कोणी चढलं नव्हतं. दुर्बीणही नव्हती. पण पार्किंगपर्यंत माणसं होती हे खरं, आणि मी काहीही सांगितलं तरी तू ते अर्धं कापूनच ऐकायचीस, म्हणून मी दुप्पट करून सांगायची सवय लावून घेतली. आता कापणारी गेली आणि दुप्पट तशीच राहिली.

तुझ्या फोटोला हार घालायची रांग बघत मी आमच्या ह्यांच्या कानात विचारलं, "अहो, मी गेले तर एवढे येतील का हो?" हे जरा विचार करून म्हणाले, "सुट्टीचा वार असला तर येतील."

एक गृहस्थ चक्क मुलुंडहून आले होते. कुंदे, मुलुंडला आपला चॅनल दिसत नाही. बोरिवली ते मालाड, आणि खाडीपलीकडे गोराई-मनोरी, इथे आपली केबल संपते. मी त्यांना गाठलंच. म्हटलं, तुम्ही कसे काय? तर म्हणाले, "माझी बहीण बोरिवलीला असते. सकाळी कुंदाताई लागल्या की ती फोन टीव्हीसमोर धरायची. मी इकडे ऐकायचो."

"मग माझ्या बातम्याही ऐकल्या असतील तुम्ही."

"नाही हो. बातम्या लागल्या की ती फोन ठेवायची."

मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की मी तुझ्यासाठी आणलेली फुलं बराच वेळ हातातच धरून ठेवली.

तसा तुझा हेवा मी पहिल्या दिवसापासून करत आलेय. आपण दोघी एकाच दिवशी चॅनलमध्ये लागलो. पिठाच्या गिरणीच्या वरची ती खोली, खाली जातं फिरायला लागलं की वर कॅमेरा थरथरायचा. ज्वारीचं दळण असलं की थोडा, गव्हाचं असलं की जास्त. मालक हसमुखभाईंनी विचारलं, "हवामान कोण वाचणार?" तू म्हणालीस, मी वाचते. तुला वाटलं, सगळ्यात छोटं काम आहे. मी बातम्या, वाढदिवस आणि हरवले-सापडले घेतलं, कारण मला वाटलं ते सगळ्यात मोठं. लोक पुढे आपल्याला कुंदा-नंदा म्हणायला लागले, एका श्वासात, जोडीने मिळणाऱ्या फुलपात्रांसारखं. नंदा-कुंदा असं एकानेही म्हटलं नाही. मी काही दिवस तसं रुजवायचा प्रयत्न केला. भाजीवालीपासून सुरुवात केली. ती म्हणाली, "जिभेला नाय बसत ताई."

तुझं हवामान म्हणजे काय होतं, हे मी आज इतकी वर्षं लोकांना समजावतेय. वेधशाळेचं पत्रक यायचं, ते तू जसंच्या तसं वाचायचीस. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. "काही ठिकाणी", "तुरळक", "शक्यता आहे". ऐकताना मला जांभई यायची, आणि मी समोरच बसलेली असल्यामुळे ती दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटायचं, नंदाताई हळव्या आहेत. पण पत्रक संपलं की तू कागद खाली ठेवायचीस आणि सांगायचीस, आज सकाळी घरून निघण्याआधी तू स्वतः काय करून आलीस. बस, एवढंच. "मी आज बाल्कनीतल्या कुंड्या खाली उतरवून आले." "मी आज पापड वाळत घातले आहेत." "मी आज दोन बादल्या जास्तीच्या भरून ठेवल्या." याच्या पुढे एक अक्षर नाही. लोकांनी काय करावं हे तू कधीच सांगितलं नाहीस.

आणि लोक तेच करायचे. तू पापड वाळत घातलेस म्हणालीस की बोरिवलीपासून मालाडपर्यंत गच्च्या पांढऱ्या व्हायच्या. विमानातून येणाऱ्या माणसांना वाटायचं, बर्फ पडलाय. मी घरात ओरडून सांगायची, "अहो, आभाळ भरलंय, छत्री घ्या." हे बूट घालता घालता विचारायचे, "कुंदाताई काय म्हणाल्या?" माझ्या घरात, माझ्या नवऱ्याने, माझ्या हातचा डबा हातात धरून. सांग आता.

आणि ती हिरवी साडी. ती तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मागच्या मोठ्या चक्रीवादळाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मागे हिरवा पडदा लावून त्यावर नकाशा दाखवायचं आपण नुकतंच सुरू केलं होतं. तू भाचीच्या डोहाळजेवणाहून थेट आलीस, हिरवीगार साडी, हिरवा ब्लाउज, हिरव्या बांगड्या. कोणाच्या डोक्यात आलं नाही. कॅमेरा सुरू झाला आणि पडद्यावर तू नाहीशीच झालीस. अरबी समुद्रावर फक्त तुझं डोकं तरंगतंय आणि दोन हात फिरतायत. मी टेबलाखाली घुसून हसत होते. म्हटलं, संपली ही. आता कुंदाचं हसं होणार, गल्लीगल्लीत होणार, आणि मी तिला खूप प्रेमाने समजावणार.

काय झालं? फोन लागले. गोराईच्या एका आजीने विचारलं, "समुद्रात साक्षात दर्शन दिलं ती बाई कोण?" त्या डोक्याने सांगितलं होतं, "मी आज खिडक्यांच्या काचांना आतून चिकटपट्टी लावून आले, आणि माझा भाऊ मनोरीला आहे, त्याला होडी वर ओढून घ्यायला सांगून आले." मोठ्या चॅनलचे पोरगे त्या दिवशी रेनकोट घालून समुद्राकडे पाठ करून तिरके उभे होते, ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही. मनोरीत मात्र संध्याकाळच्या आत होड्या झाडांना बांधलेल्या. दुसऱ्या दिवशी वारा आला तो असा, की माडाची झावळी उडून मार्वेला पडली. ही मात्र मी वाढवलेली नाही. झावळी मार्वेचीच असेल कदाचित. पण होडी एकही गेली नाही.

मग आठवडाभर खाडीपलीकडून मासे येत होते. तुला पापलेट. हातभर. हसमुखभाईंना ते दाखवायलाही लाज वाटली, बिचारे जैन. मला त्याच टोपलीतून एका पुडीत मांदेली. "नंदाताईंना पण द्या," म्हणे. त्या 'पण'चा काटा अजून माझ्या घशात आहे. तू अर्धं पापलेट मला दिलंस, हेही सांगते, नाहीतर वरून डोळे वटारशील. मी ते तळून खाल्लं आणि प्रत्येक घासाला तुझा मत्सर केला. फार चविष्ट होतं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं ना गं, जे संपलंच नाही? गिरणीच्या जिन्यात, चहाचा ग्लास हातात घेऊन, वर्षानुवर्षं तेच. मी म्हणायची, "तू घाबरव ना जरा. रंगवून सांग. शक्यता आहे, शक्यता आहे, काय लावलंय? लोकांना झोप येते." तू म्हणायचीस, "नंदे, एकदा वाढवून सांगितलं की पुढच्या वेळी त्याहून जास्त वाढवावं लागतं. मग एक दिवस खरंच मोठं येतं, आणि आपल्याकडे मोठा शब्दच उरलेला नसतो." मी म्हणायची, "माझ्याकडे शब्दांची गोदामं भरली आहेत." तू हसायचीस. पण उत्तर मला सुचलेलं नसायचं, आणि ते तुला कळलेलं असायचं, आणि तू ते बोलून दाखवायची नाहीस. यासारखा दुष्टपणा नाही.

एक मात्र मानते. माझ्या गोष्टी पूर्ण ऐकणारी तू एकटीच होतीस. आमच्या लहानपणी विहिरीत मगर होती, असं मी सांगायला लागले की बाकीचे घड्याळ बघतात. तू विचारायचीस, "केवढी गं?" मी हात पसरायची. तू म्हणायचीस, "मग पोहरा कसा सोडायचात?" मग मला सांगावं लागायचं की पोहरा तीच भरून द्यायची. तू चहा सांडेपर्यंत हसायचीस. एका शब्दावर विश्वास नाही, आणि एक शब्द सोडायची तयारी नाही. असं ऐकणारं माणूस मला पुन्हा कुठून मिळणार? दळण आणायला आलेल्या बायकांना सांगून बघितलं. त्या विचारतात, "मगर? मग तुम्ही तक्रार नाही केली?"

हॉस्पिटलात मी आले होते, कुंदे. तुला माहीत असेल का, माहीत नाही. तुझ्या वॉर्डाबाहेर एवढी माणसं की मी आले तेव्हा आत कोपऱ्यातही जागा नव्हती. दुधवाला, रिक्षावाला, गोराईची ती आजी. प्रत्येकाला तुला काहीतरी सांगायचं होतं आणि प्रत्येकजण मला म्हणत होता, "तुम्ही काय रोजच्याच, आम्हाला भेटू दे." मी माणसांच्या खांद्यांवरून तुला बघत होते. तुझ्या तोंडावर तो मास्क. तू मला बघितलंस. हात उचलून, पंजा दाखवून म्हणालीस, थांब. मग नर्स आली आणि तिने सगळ्यांनाच बाहेर काढलं. मी दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून, एक झकास गोष्ट तयार करून निघाले. रिक्षात होते, तेव्हा फोन आला.

काय सांगायचं होतं तुला? मी थांबले होते ना.

आता ऐक पुढचं. ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

तुझं तेरावं झालं आणि अरबी समुद्रात पुन्हा वादळ उठलं. मी शपथेवर सांगते, ते तुला शोधायला आलं होतं. हसमुखभाई सकाळी जिन्यातच भेटले. म्हणाले, "नंदाबेन, हवामान आता तुम्हीच वाचा. बीजू कोण छे, दुसरं आहेच कोण?"

कुंदे, मनातल्या मनात मी फुगडी घातली. तुझी खुर्ची. तुझा पडदा. आता दाखवतेच या उपनगरांना, हवामान म्हणजे काय असतं. साडी लाल नेसले, मी काही वेडी नाही. पत्रक आलं. वादळ किनाऱ्याजवळून जाणार, वारा फार मोठा असणार, किनाऱ्यालगतच्या कच्च्या आणि पत्र्याच्या घरांतल्या लोकांनी हलावं, दुपारनंतर मार्वे-मनोरी बोट बंद. मी ते वाचलं. फुगडी राहिली बाजूला.

कारण मनोरीला माझी ताई राहते. तू तिला ओळखतेस, तीच तुझ्यासाठी सोलं वाळवून पाठवायची, मला नाही. भाऊजी गेल्यापासून एकटीच, अगदी वाळूला लागून घर, वर पत्रे, बाजूला सुट्टीवर येणाऱ्यांसाठी दोन खोल्या. मागच्या वादळात तिच्या घरामागे समुद्राला अडवणारी भिंत होती, ती यंदा समुद्राने नेली. तिला मी आदल्या दिवशीच फोन केला होता. म्हटलं, ताई, सामान बांध, माझ्याकडे ये. तर म्हणाली, "नंदा गो, गप रव. तुझा काय खरा धरूचा? तू विहिरीत मगर सांगलंस ती माणूस." पन्नास वर्षं झाली, पण ती मगर काही मेली नाही.

मी म्हटलं, "वेधशाळेने सांगितलंय, मी नाही."

"ते दरसाल सांगतत. कुंदा असती तर नीट सांगितलं असतं. तिने घर सोडलं असतं तर मीही सोडलं असतं." आणि फोन ठेवला.

तर मी तुझ्या खुर्चीत बसले. खाली गिरणीत गव्हाचं दळण. पत्रक वाचलं. तुझ्यासारखं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. नकाशावर हात दाखवायला गेले तर पडद्यावर तो उलटाच जातो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी मनोरी म्हणाले आणि वादळ नेऊन ठेवलं देवनारला. लगेच फोन वाजले. लोकांना कार्यक्रमातच बोलू द्यायचं हा तर तुझाच नियम. मालाडचा एक माणूस विचारतो, "नंदाताई, यातलं खरं किती?" दुसरा म्हणतो, "तुम्ही वाढवून सांगता म्हणून विचारतो, खिडक्या लावायच्या की उघड्या ठेवायच्या?" हसण्याचा आवाज येत होता मागे. एवढं मोठं वादळ दारात, आणि लोक हसतायत. माझी वाट लागली होती.

तेवढ्यात तिसरा फोन. मनोरीहून. थेट प्रक्षेपणात ताईचा आवाज.

"मी हिची मोठी बहीण बोलतंय. सगळ्यांनी ऐका. ही लहानपणापासून अशीच. हिच्या बोलण्यावर कोणी घर सोडू नका. आमच्या आळीत सगळे माझ्याकडे बघतायत, मी काय करते म्हणून. मी खंय जावचंय नाय."

हसमुखभाईंनी कपाळाला हात लावला. एकटी ताई नाही, सगळी आळी बसणार तिथे पत्र्यांखाली, माझ्या मगरीमुळे. त्या क्षणी, कुंदे, माझ्या गोदामात मी हात घातला आणि जो हाताला लागला तो शब्द बाहेर काढला. तो तू होतीस.

मी म्हटलं, "ताई, हे मी नाही, कुंदा सांगतेय."

खाली गिरणी थांबली असावी, कॅमेरा हलेना.

"कुंदा कशी सांगेल? ती गेली."

"जाण्याआधी सांगितलं. हॉस्पिटलात. मला जवळ बोलावून, मास्क बाजूला करून."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, माझ्या मागे पहिलं वादळ येईल तेव्हा मनोरीच्या ताईला सांग. मी त्यांच्या घरात असते तर दुपारच्या आत घर बंद करून मार्वेला उतरले असते."

ताईने आवाज बारीक करून, संशयाने विचारलं, "घर बंद करून म्हणजे काय? कडी घालून की कुलूप लावून?"

अख्खी उपनगरं ऐकत होती. मी डोळे मिटले. तू काय म्हणाली असतीस, ते मला तुझ्याच आवाजात ऐकू आलं, तुझ्या त्या कंटाळवाण्या, सपाट, कसलीही घाई नसलेल्या आवाजात.

"कुलूप. पण त्याआधी सिलिंडरचा कॉक बंद करून, आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडं ठेवून. त्यांचं त्या बघतील म्हणाली."

ताईने श्वास सोडला. "मग कुंदाच ती," म्हणाली. "तुला कोंबड्या आठवल्या नसत्या."

एवढी थाप, कुंदे. मी आयुष्यभर मारलेल्या थापांमध्ये सगळ्यात उत्तम. बेमालूम. एक धागा सुटलेला नाही. आणि तिचं श्रेय तुला.

मी तशीच लाल साडीत रिक्षा करून मार्वेला गेले. खाडीचं पाणी शाईसारखं काळं, आणि बोट येत होती ती माणसांनी अशी भरलेली की पाण्याखालून चालत असल्यासारखी वाटावी. पहिली ताई उतरली. डोक्यावर गाठोडं, बगलेत देवांचा डबा, कमरेला किल्ल्या. मागे सगळी आळी. म्हातारे, पोरंबाळं, एक बकरी. हे खरंच होतं, बकरीसकट. बोटीच्या त्या दिवशी आणखीही फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला धक्क्यावर लोक एकमेकांना सांगत होते, "कुंदाताई सांगून गेल्या होत्या." मी तिथेच उभी होते, त्यांच्या समोर, टीव्हीवर दिसणारी बाई. एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हीच ना त्या, ज्यांना कुंदाताईंनी सांगितलं?"

वादळ आलं. संध्याकाळी मनोरीवरून गेलं. दोन दिवसांनी आम्ही ताईचं घर बघायला गेलो तर पत्रे नव्हते. मी म्हणेन, ते गुजरातेत सापडले. जवळच, केवड्याच्या बनात होते. पण घराच्या आत, ताईच्या खाटेवर, बाजूच्या खोल्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी येऊन पडली होती. खाट मोडून जमिनीला लागलेली. ताईने हात जोडले. टाकीला नाही, मला नाही. वर बघून म्हणाली, "कुंदे, बाय माझे."

कोंबड्या सगळ्या होत्या. त्या अंगणात आमच्याकडे बघत होत्या, जणू त्यांनाही तूच सांगितलं होतंस.

तेव्हापासून माझं काय झालंय, विचारू नकोस. मी तुझी पोस्टमन झालेय. हसमुखभाईंनी दुसऱ्याच दिवशी दार लावून हळूच विचारलं, "बेन, कुंदाबेनने माझ्यासाठी काही निरोप ठेवला?" भाजीवाली विचारते, मुलीचं लग्न पावसाआधी करू की नंतर. एकाची दिंडोशीच्या कोर्टात केस चालू आहे, तो तारीख विचारायला आला. मी खरं सांगायला लागले की कुंदाने काहीएक सांगितलं नव्हतं, तो निरोप मी जागच्या जागी बनवला, तर लोक मंद हसतात आणि म्हणतात, "नंदाताई, तुम्ही थापा मारण्यात पटाईत." म्हणजे माझं खरं आता थाप झालं आणि माझी थाप तुझं खरं झालं. तू जाऊनही मला दुसऱ्या नंबरावर ठेवलंस. झकास. फार झकास.

आणि तरी, तुझ्या त्या सपाट आवाजात बोलायला मला किती बरं वाटलं, ते कोणाला सांगू? वाढवून सांगितलं नाही एकदाही. कुलूप, सिलिंडर, कोंबड्या. त्या जिन्यातल्या भांडणाचं उत्तर मी दिलं की तू, हे मी अजून ठरवत नाही.

ताई अजून माझ्याकडेच आहे, पत्रे बसेपर्यंत. काल दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. टीव्ही बंद होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नंदा गो, एक विचारू? कुंदाने तुला एवढं जवळ बोलावलं. माझं सांगितलं, माझ्या कोंबड्यांचं सांगितलं. तुझ्याविषयी काय म्हणाली?"

कुंदे, काय संधी होती. तुझ्या तोंडी मी काहीही घालू शकत होते आणि ताईने ते खरं मानलं असतं. ताईने आळीला सांगितलं असतं, आळीने मालाडला, मालाडने मुलुंडपर्यंत. नंदासारखी कोणी नाही, असं तू म्हणालीस, हे दोन दिवसांत साऱ्या उपनगरांचं मत झालं असतं. शब्द तयार होते. मी तोंड उघडलं. तुझा तो उचललेला पंजा समोर दिसला, माणसांच्या खांद्यांपलीकडे.

"काही नाही गं," मी म्हटलं. "माझ्यापर्यंत यायच्या आतच वेळ संपली."

ताईने मान हलवली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. तिने लगेच विश्वास ठेवला.